ज्ञान मागतो की कौल लावतो?

आपल्या धर्मग्रामांतून परमेश्वराजवळ सर्वांत अधिक काय मागितले जाते? आरोग्य, नोकरी, लग्न, घर ही उत्तरे कोणीही देईल. परंतु मिस्साबलिदानासाठी येणारे हेतू जरा बारकाईने वाचले, तर आणखी एक शब्द पुनःपुन्हा भेटतो. तो शब्द म्हणजे सुबुद्धी. मुलाला सुबुद्धी मिळावी, योग्य मार्ग दिसावा, निर्णय घेण्यासाठी प्रकाश लाभावा. हे मागणे उत्तम आहे. पवित्र शास्त्राने ज्या थोड्या मागण्यांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, त्यांपैकी ते एक आहे. म्हणूनच त्या मागण्याच्या आडून आपल्या घरांत जे चालले आहे, त्याविषयी स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. माझे म्हणणे असे, की आपल्यापैकी पुष्कळजण ज्ञान मागत नाहीत, ते कौल लावतात. या दोहोंतील अंतर आपण ओळखले नाही, तर आपली श्रद्धा बाहेरून ख्रिस्ती राहील आणि आतून निराळेच काही होऊन बसेल.

कौल म्हणजे काय, हे कोकणाशी आणि गोव्याशी नाते असलेल्या वाचकांना सांगायला नको. देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या वा कळ्या लावायच्या, मनातला प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ही रीत पाळणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या श्रद्धेचा हिशेब ते देतील. मला आपल्या घराविषयी बोलायचे आहे. कौल लावणाऱ्याला तीन सोयी मिळतात. त्याला विचार करावा लागत नाही. निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. आणि प्रश्न विचारण्यापूर्वी तो जसा होता, तसाच उत्तर मिळाल्यावरही राहतो. या तीन सोयी जेथे जेथे असतील, तेथे तेथे कौल आहे. मग समोर मूर्ती असो, बायबल असो वा मोबाइल असो.

आता आपल्याकडील प्रकार पाहू. मुलीचे स्थळ पक्के करायचे असते. डोळे मिटून बायबल उघडले जाते, बोट ठेवले जाते आणि त्या ओळीतून होकार-नकार काढला जातो. ज्या ग्रंथासाठी हुतात्म्यांनी प्राण दिले, त्याचे आपण पंचांग करून टाकतो. दुसरा प्रकार शिबिरांतला. तेथे कोणी उपदेशक गर्दीकडे पाहून सांगतो, की येथे अमुक व्याधीची एक भगिनी आहे, तिला आज मोकळीक मिळाली आहे. प्रार्थनाशिबिरांनी कित्येक घरांतील दारू सुटली, विस्कटलेले संसार सावरले, हे मी जाणतो आणि त्याबद्दल देवाचे उपकार मानतो. परंतु माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात अशाच एका वाक्यावर विसंबून मधुमेहाने पीडित मातेने इन्सुलिन बंद केले. महिन्याभरात तिला अतिदक्षता विभागात न्यावे लागले आणि पायाची जखम चिघळून शेवटी पाय गमवावा लागला. ते वाक्य बोलणारा गृहस्थ तोवर दुसऱ्या गावी गेला होता. कौल देणारा परिणामांना उत्तर देण्यासाठी कधीच थांबत नसतो.

तिसरा प्रकार अगदी नवा आहे. दहा जणांना पाठवा म्हणजे सायंकाळपर्यंत शुभवार्ता मिळेल, असे सांगणाऱ्या प्रार्थना एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतात. त्यांच्या पुढचे पाऊल म्हणून आता तरुण मुले आपल्या जीवनाचे प्रश्न यंत्राला विचारू लागली आहेत आणि ते क्षणात सफाईदार उत्तर देते. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अँटिक्वा एत नोवा' हे निवेदन प्रसिद्ध केले आणि मानवी बुद्धी व यंत्राची कामगिरी यांतील भेद विशद केला. यंत्राकडून माहिती घ्यावी. त्यात पाप नाही. परंतु ज्याला मरण नाही, ज्याला कोणावर प्रेम करून झिजायचे नाही, त्याने आपल्याला कसे जगावे हे सांगावे आणि आपण ते निमूट ऐकावे, हाही कौलच होय.

आपण पुण्यात राहतो. या शहराला विद्येचे माहेरघर म्हणवून घेण्याची हौस आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली येथील पहिले चर्च उभे राहिले, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे आपणही या माहेरघराचे रहिवासी आहोत. याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून ठार मारण्यात आले आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा इतरांसाठी आहे, आपण तर बाप्तिस्मा घेतलेली माणसे, असे मानणाऱ्यांनी वर सांगितलेली मधुमेहाची हकिकत पुन्हा वाचावी. दाभोलकर देव मानत नव्हते, आपण मानतो. तेव्हा देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीची चीड त्यांच्यापेक्षा आपल्याला अधिक यायला हवी.

शास्त्र काय सांगते ते पाहू. गिबोन येथे शलमोनाला स्वप्नात परमेश्वराने विचारले, की तुला काय हवे? आपण या प्रसंगातून एवढेच लक्षात ठेवले आहे, की त्याने बुद्धी मागितली आणि त्याला धनसंपत्तीही मिळाली. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, की आपण शलमोनाचे नाव घेऊन गुण मागतो. परंतु मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ पाहिला, तर शलमोनाने जे मागितले त्याला ऐकणारे हृदय म्हणावे लागेल. २२ सप्टेंबर २०११ रोजी जर्मनीच्या संसदेपुढे बोलताना सोळाव्या बेनेडिक्ट यांनी नेमक्या याच प्रसंगापासून आरंभ केला होता. राज्यकर्त्यांच्या सभेत त्यांना विजयाची वा कीर्तीची गोष्ट सांगायची नव्हती. बरे आणि वाईट यांतील भेद ओळखणाऱ्या हृदयाची सांगायची होती. शलमोनाने हे हृदय मागितले ते लोकांचा न्याय करता यावा म्हणून. मागणे त्याच्या ओठांवर होते, पण लाभ दुसऱ्यांसाठी होता. आपल्या आळंदीच्या ज्ञानेश्वरांनीही ग्रंथ सिद्ध झाल्यावर जे पसायदान मागितले, ते अवघ्या विश्वासाठी मागितले, दुर्जनांचेही कल्याण त्यात धरले. खऱ्या ज्ञानाचे मागणे नेहमी असेच रुंद असते. आपले मागणे मात्र एका हॉलतिकिटाच्या रुंदीचे!

वाचकहो, शलमोनाला ज्ञान मिळाल्यावर त्याची पहिली परीक्षा कोठे झाली, हेही ध्यानात घ्या. विद्वानांच्या सभेत नव्हे. एका मुलासाठी भांडत दोन स्त्रिया त्याच्यापुढे आल्या, त्याही समाजाने ओवाळून टाकलेल्या, वेश्याव्यवसाय करणाऱ्या. साक्षीदार नव्हते, पुरावा नव्हता. त्यांच्यातील खरी आई कोण, हे राजाने ओळखले. म्हणजे दैवी ज्ञानाची कसोटी तळाशी लागते. ज्याच्या बाजूने कोणी बोलणारा नाही, त्याला न्याय मिळतो की नाही येथे लागते. हीच कसोटी आपल्या घराला लावू. वडिलांच्या मृत्यूनंतर जागेची वाटणी होते, तेव्हा बहिणीचा वाटा कोठे जातो? लग्न ठरवताना स्थळ कॅथलिक आहे एवढे आपल्याला पुरते, की बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली न गेलेली जात हळूच विचारली जाते? मंडप, बँड आणि जेवणावळीसाठी कर्ज काढून मुलाच्या संसाराचा आरंभ हप्त्यांनी करायचा, हे कोणत्या आत्म्याचे मार्गदर्शन? या प्रश्नांसाठी कोणी बायबल उघडून बोट ठेवत नाही. कारण उत्तर काय येईल, ते आपल्याला आधीच ठाऊक असते.

संत याकोबाने आपल्या पत्रात सांगितले आहे, की ज्याला ज्ञान उणे वाटते त्याने देवाजवळ मागावे; देव हात आखडता घेत नाही. हे वचन आपल्याला प्रिय आहे. परंतु ते कोणाला उद्देशून आहे? ज्यांच्यावर नाना तऱ्हेची संकटे कोसळली आहेत, त्यांना. संकट टळावे म्हणून मागा असे याकोब म्हणत नाही. संकटात कसे उभे राहावे हे कळण्यासाठी मागा, असे त्याचे सांगणे आहे. तोच पुढे दुटप्पी मनाच्या माणसाला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा देतो. असा माणूस देवाला विचारतो खरा, पण आपल्याला हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की ज्ञान हे देवाचे दान आहे. दृढीकरणात पवित्र आत्म्याची सात दाने मिळाली, मग धडपड कशासाठी? दान आहे हे खरेच. पण शेताला पाऊस हेही दान आहे आणि म्हणून कोणी नांगर विकून टाकीत नाही. नीतिसूत्रांच्या ग्रंथात शिकवण अशी आहे, की रुपे शोधावे आणि पुरलेले धन उकरावे तसे ज्ञान शोधावे. ईयोबाच्या ग्रंथातील अठ्ठाविसावा अध्याय तर खाणकामगारांच्या वर्णनाने सुरू होतो. अंधारात दोरावर लोंबकळत माणूस धातू काढतो. ज्ञान मात्र त्याला कोणत्याच खाणीत सापडत नाही, ते देवाचे भय धरण्यात आणि वाईटापासून दूर राहण्यात आहे. म्हणजे शास्त्र आपल्याला श्रमही सांगते आणि श्रमाची मर्यादाही सांगते. आपण मर्यादा तेवढी उचलली आणि श्रम सोडून दिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. संत पौलाने जगाच्या ज्ञानाला मूर्खपणा ठरवले आणि प्रभू येशूने, पित्याने या गोष्टी ज्ञानी लोकांपासून गुप्त ठेवून बालकांना प्रकट केल्या, म्हणून त्याचे स्तवन केले. मग पुस्तके कशाला? पण हे लिहिणारा पौल स्वतः गमलियेलाच्या पायाशी बसून शिकलेला होता आणि वृद्धापकाळी तुरुंगातूनही त्याने आपली पुस्तके मागवली होती. त्याने धिक्कार केला तो विद्येच्या फुशारकीचा. बालक होणे म्हणजे अडाणी राहणे नव्हे. बालक दिवसाला शंभर प्रश्न विचारते. कौल लावणारा आयुष्यात एकच विचारतो, माझे काम होईल का?

तिसरा आक्षेप कष्टकऱ्यांचा. फादर, दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे कसे जमावे? त्यांना मी आपलाच इतिहास सांगतो. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. ते का लिहिले, हे ग्रंथारंभीच आले आहे. नव्या ख्रिस्ती मंडळींतील एकाने त्यांना विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग वाचायला दुसरे काही का देत नाही? मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ एका प्रापंचिकाच्या या तक्रारीतून झाला आहे. मराठी आपली नव्हे अशा माणसाने दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या, कारण श्रोत्यांनी ज्ञानासाठी हट्ट धरला होता. आज हा हट्ट कोण धरतो? मंडप लहान झाला, ध्वनिक्षेपक नीट वाजला नाही, याच्या तक्रारी येतात. प्रवचनात शास्त्र नव्हते, अशी तक्रार किती जण करतात?

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, परंतु त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. संस्कृत पांडित्य अंगी असूनही त्यांनी बायबलच्या मराठी अनुवादासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे ते काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील छापखान्यात राबणारे हात मिशनमधील स्त्रियांचे होते. दुष्काळाने आणि वैधव्याने पोळलेल्या ज्या स्त्रियांना समाजाने अक्षरापासून दूर ठेवले होते, त्यांना रमाबाईंनी आश्रय दिला होता. अशा घरातून बायबल बाहेर पडले. आपल्याला वेळ नाही असे म्हणण्यापूर्वी त्या स्त्रियांची आठवण करावी.

आणि आपल्याजवळ तर अधिक धन आहे. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये ६६ ग्रंथ आहेत, आपल्या बायबलमध्ये ७३. या अधिकच्या ग्रंथांतील दोन ज्ञानाविषयीच आहेत. एक शलमोनाच्या नावाने ओळखला जाणारा ज्ञानग्रंथ, दुसरा बेन सिराचा. यांच्या प्रामाण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ठाम निर्णय दिला. ज्यांच्याकडे हे ग्रंथ नाहीत ते आपले बायबल झिजवून टाकतात, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या कपाटात ते लग्नातल्या भेटीच्या कागदासकट सुखरूप असतात! वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार लाभला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले. आपण हारतुरे घातले, अभिमान बाळगला. त्यांनी ज्यासाठी डोळे शिणवले, ते पान उलटले का?

बेन सिराने त्या मधुमेही मातेचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे. त्याच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण त्याला देवानेच निर्माण केले. औषधेही देवाने भूमीतून उपजवली आणि शहाणा माणूस ती नाकारीत नाही. तेथेच आजाऱ्याने प्रार्थना करावी असेही आहे. प्रार्थनाही करा, वैद्यालाही बोलवा; यात विरोध नाही. हा एक अध्याय त्या घरात वाचला गेला असता, तर त्या उपदेशकाला घरातल्याच कोणीतरी तिथल्या तिथे प्रश्न विचारला असता.

मग ज्ञान शोधायचे कसे? संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी सल्लामसलत, मग निवाडा, मग प्रत्यक्ष कृती. कौलात पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या जातात. उलट आपली बरीच सुशिक्षित मंडळी पहिल्या दोन चढतात आणि तिसरीवर अडतात. लग्नाचे कर्ज चुकीचे आहे हे त्यांना पटलेले असते, पण चार लोक काय म्हणतील या भयाने पाय उचलत नाही. सल्ला घेण्याविषयी बेन सिरा म्हणतो, की सुज्ञ माणूस दिसला तर पहाटे उठून त्याच्याकडे जावे, आपल्या पावलांनी त्याचा उंबरठा झिजवावा. रहबामाने नेमके उलटे केले. वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारून तो हांजी हांजी करणाऱ्या सवंगड्यांचे ऐकत बसला आणि शलमोनाचे राज्य दुभंगले. खुद्द शलमोनाचे मनही उतारवयात देवापासून ढळले. ज्ञान एकदा मिळाले म्हणजे कायमचे नावावर झाले, असे नसते.

संत इग्नेशियस यांचा एक नियम प्रत्येक घराच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. मन उदास आणि अंधारलेले असताना आधीचा चांगला निश्चय बदलू नये. किती राजीनामे, किती घटस्फोट, किती भाऊबंदकीचे खटले अशा अंधाऱ्या रात्रीत जन्माला आले असतील! पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी २०२३ पर्यंत बुधवारच्या धर्मशिक्षणात हाच विवेकाचा विषय सातत्याने घेतला. प्रार्थना, स्वतःची ओळख, मनातल्या इच्छेची पारख आणि आपल्या गतजीवनाचे वाचन, असे त्याचे टप्पे होते. यातील एकही टप्पा डोळे मिटून पान उघडण्याचा नाही.

धर्मगुरूंनाही एक शब्द सांगायला हवा. लोक कौल मागतात तेव्हा पुजाऱ्याच्या आसनावर बसण्याचा मोह होतो. फादर सांगतील तसे करू, हे वाक्य कानाला गोड लागते. पण जो धर्मगुरू लोकांच्या वतीने सारे निर्णय घेतो, तो त्यांना बाळ ठेवतो. पुण्यात नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे, देशभरातून विद्यार्थी तेथे येतात. तेथील शिक्षण इंग्रजीत चालते. तो दीप मराठी घरांच्या उंबऱ्यापर्यंत आणण्याचे काम मराठी धर्मगुरूंचे आणि शिकलेल्या मराठी श्रावकांचे आहे. दुसऱ्या कोणी ते करावे अशी वाट पाहू नये.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. बेन सिराचे अध्याय ५१, ज्ञानग्रंथाचे १९. रोज रात्री जपमाळेनंतर घरातील एकाने एक अध्याय मोठ्याने वाचावा, तर ७० दिवसांत दोन्ही ग्रंथ पुरे होतील. त्रैमासिकाचा पुढचा अंक हाती येण्यापूर्वी हे सहज साधेल. वाचणाऱ्यांत घरची सून असावी, शाळकरी मूल असावे. न पटलेली ओळ लिहून ठेवावी आणि रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मगुरूंना विचारावी. उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा विचारावी. घरात मोठा निर्णय असेल, तर प्रार्थना करून निदान तीन जाणत्या माणसांशी बोलावे. त्यांतील एक तरी आपल्या मताचा नसावा. आणि निर्णय झाला, की त्याची जबाबदारी देवावर न ढकलता स्वतः उचलावी.

पाकळी उजवीकडे पडो वा डावीकडे, तिला पडण्यासाठी कष्ट लागत नाहीत. देवाने आपल्याला पाकळ्या म्हणून निर्माण केलेले नाही. त्याने आपल्याला ऐकणारे हृदय देऊ केले आहे. ते मागण्याचे धैर्य, आणि मिळाल्यावर जे ऐकू येईल त्याप्रमाणे चालण्याचे धैर्य, पवित्र आत्मा आपल्या सर्व कुटुंबांना देवो.